आक्का, होडीतनं तू कशी उतरायचीस

आक्का,

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी फळीवरून पडलो. भर सकाळी, सगळ्या बंदरासमोर, तोंडावर. ओहोटी होती म्हणून चिखलात गेलो. पाणी असतं तर निदान धुऊन तरी निघालो असतो.

गेलेल्या माणसावर लिवताना सुरुवात अशी करायची नसते, तेवढं मला कळतंय. आपल्या कोळीवाड्याच्या मंडळाच्या अंकात दोन पानं तुझ्यासाठी ठेवलीत. सेक्रेटरी घरी आला, पेन काढलं आन तुझी जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, ती तिला तरी कुठं ठाऊक होती? मग विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, शाळेच्या भिंतीपर्यंत, मास्तरांच्या घरी म्हावरं पोचवायला जायची. त्यानं पेन खिशात घातलं आन म्हणाला, तुमाला येईल तसं तुमीच लिवा. आता मला कुठं येतंय? शाळेत सातवीपर्यंत माझं नाव होतं, मी नव्हतो, मी खाडीवर होतो. दाखला मिळाला तो माझं तोंड परत दिसू नये म्हणून. तवा मी बोलतो आन तुझी सुरेखा लिवते. तिला सांगितलंय, सुधारायचं नाय. बारावी शिकलीस ती दुसरीकडं दाखव.

तर फळी.

तुला ठाऊक हाय, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पोरींची पोलीस भरती निघाली, सुरेखाला मैदानाचा कागद आला. धावायचं, गोळा टाकायचा, आन शेवटी अडथळे. एक फळी, एक भिंत, खालून सरपटायचं आन परत पळायचं. तू आन मी मिळून चार महिने तिची तयारी घेतली. कागदावरची तारीख बघून तू बोटं मोजलीस आन म्हणालीस, अमावास्या झाल्यावर येते, बरं हाय. मग तुला कावीळ झाली. डॉक्टरनं डोळे बघितले आन आमच्याकडं बघायचं बंद केलं. तू गेलीस, आन मैदानाची तारीख आली तुझ्या अकराव्या दिवसाला.

सुरेखानं कागदाची घडी केली, तांदळाच्या डब्यात टाकली आन म्हणाली, "मामा, मी नाय जात."

नाना, म्हंजे भावजींचे चुलते, ओटीवर बसूनच होते. ते म्हणाले, "जायचा प्रश्नच नाय. बारावं नाय झालं आन पोरगी मैदानात उड्या मारणार? लोकं तोंडात शेण घालतील." भावजी मोऱ्याच्या बंदरातलं बोटीवरचं काम सोडून आले तवापास्नं जाळ्याचं एकच भोक तीन दिवस शिवत बसले होते. शिवायचे, उसवायचे, परत शिवायचे.

मी बोलून कदी कुणाशी जिंकलो नाय, तू साक्षीला हायस. म्हणून पाचव्या दिवशी सकाळी मी गुपचूप तुझी होडी धक्क्याजवळ घेतली, होडीतनं धक्क्यावर तुझी फळी टाकली, तुझ्या पाटीत ओली वाळू भरली आन डोक्यावर घेतली. म्हटलं, पोरीनं खिडकीतनं बघितलं तर तिला कळंल, सराव चालू हाय. चार पावलं गेलो. पाचव्याला खाली बघितलं. पुढचं सगळ्या बंदरानं बघितलं.

बायका हसल्या. नाना हसले, मग सुतक आठवलं तसे खोकले. आन पाच दिवस घरातनं भाईर न आलेली सुरेखा धक्क्यावर आली, वाकून माझ्याकडं बघितलं आन म्हणाली, "मामा, पायाकडं का बघतोस? खुंट्याकडं बघ ना!"

तुझा आवाज, आक्का. अगदी तुझा. पुढं 'मुडद्या' म्हणायचं तेवढं राहिलं. मी चिखलात तसाच बसून रडलो. चिखलाचा एक फायदा हाय, तोंड भरलेलं असलं की माणूस रडतोय का काय ते कुणाला कळत नाय.

आता बंदरावर लोक म्हणतात, धर्मा मुद्दाम पडला, पोरीला उठवायला. मी गप बसतो. एवढा शहाणा मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कुणाला वाटंल, हा कोण मोठा उस्ताद, पोरीला भरतीचं शिकवायला निघाला. तर उस्तादाची हकीकत अशी. मी सोता दोनदा भरतीला गेलो होतो. पयल्या वेळी पळण्यात मी पुढं होतो, आजूबाजूला कोण नाय. भिंतीपाशी पोचलो, दोन्ही हात वर टाकले, कड धरली. आन उभा राहिलो.

का उभा राहिलो ते मलाच कळंना. मागनं पोरं आली, डावीकडनं चढली, उजवीकडनं चढली. एक तर माझ्या खांद्यावर पाय देऊन गेला आन वरनं 'थँक्यू' म्हणाला. तिथला हवालदार आला आन विचारतो, "कुणाची वाट बघतोस रे? गाडी गेली."

घरी येऊन मी सांगितलं, बूट घसरला. तू मासे निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बूट तुझ्याकडं हायत कुठं? अनवाणी गेला होतास." मग उठलीस, मला ओढत खाडीवर नेलंस. होडी चिखलात टेकलेली होती, तिची कड माझ्या खांद्याएवढी. म्हणालीस, "ही भिंत. चढून दाखव."

मी पळत गेलो, कड धरली, आन उभा राहिलो. तू इतकी हसलीस की तुला खाली बसायला लागलं.

"अरे मुडद्या, तू लाटेची वाट बघतोस!"

तेच होतं. जन्म गेला पाण्यातनं होडीत चढण्यात. पाण्यात असताना कड धरायची आन थांबायचं. लाट आली की होडी आपल्याकडं झुकते, कड खाली येते, तवा अंग टाकायचं. माझे हात शिकलेले, मला न विचारता थांबायचे. ती भिंत सरकारी. ती कशाला झुकंल माझ्यासाठी?

"भिंत डोलत नाय रे," तू म्हणालीस. "तूच लाट हो." आन लुगड्याचा काष्टा घट्ट करून मला दाखवलंस. पळत ये, थांबू नको, एक पाय उंच मार भिंतीवर, त्यानं अंग वर फेक, हातानं ओढत बसू नको. हात दमतात, पाय दमत नायत. कोपर टाक वर, मग पोट टाक, पाय मागनं आपोआप येतात. एका दमात तू आत. चाळीस मासेवाल्यांसमोर. मी ते वर्षभर केलं. कोपराची सालं निघाली, पोटाची निघाली. तू हळद लावायचीस आन म्हणायचीस, "उद्या परत."

फळीचं पण तसंच. मी मुंगीसारखा जायचो, एकेक पाऊल बघून. तू डोक्यावर पाटी देऊन म्हणालीस, "मला सांग, पाटी घेऊन मी खाली बघते का? बघितलं तर पाटी पाण्यात. फळी जिथं संपते तिथला खुंटा बघायचा. पाय फळीवर हायत, ते पायाला माहीत हाय." कुठल्या मास्तरानं मला एवढं नीट कदी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तिथं नव्हतो.

दुसऱ्या वेळी मी फळी पळत गेलो. भिंतीवर एक पाय मारला, कोपर, पोट, सगळं तू सांगितलंस तसं. हवालदार पण 'वा' म्हणाला. आन मी पोटावरनं आत लोळलो, होडीत लोळतो तसा. होडीत जाळी असतात, दोर असतात, मासे असतात, आपण मऊ पडतो आन पडूनच राहतो, कोण काय बोलत नाय. भिंतीच्या पलीकडं नुसती जमीन होती. मी पाठीवर आपटलो. श्वास कुठं गेला कळंना. डोळे उघडले तर तोच हवालदार वाकून विचारतो, "झोप झाली का?"

त्यानंतर वय गेलं. पण आपलं भांडण राहिलं, आक्का. सात-आठ वर्षं पुरलं ते. मी म्हणायचो, तू मला चढायला शिकवलंस, उतरायला कुठं शिकवलंस? होडीत चढणाऱ्याला पलीकडं उतरायचं नसतं, तुझी विद्या अर्धी. तू म्हणायचीस, उतरायला अक्कल लागते, ती माझ्या पाटीत नव्हती. लग्नात, बारशात, नारळीपुनवेला, दोघं एका ताटाला बसलो की हे निघायचंच. भावजी भात वाढता वाढता म्हणायचे, "आली भिंत." मजा होती ती.

शेवटचं भांडण मात्र मजेचं नव्हतं. ते मला सांगायलाच पायजे. सुरेखा, थांबू नको, लिव.

तुला काविळीचा ताप यायच्या दोन दिवस आधी. मी सुरेखाला भिंतीवरनं उडी मारायला शिकवत होतो. कुणीतरी सांगितलेलं, लष्करात असंच करतात, वर आलं की सरळ उडी, गुडघे वाकवून. तिसऱ्या उडीला तिचा घोटा मुरगळला. तू पाटी ठेवून आलीस, तिचा पाय मांडीवर घेतलास आन मला म्हणालीस, "उडी नको सांगूस तिला. मी रोज कशी उतरते ते बघितलंस का कदी?"

आन मी म्हटलं, "तू मैदान बघितलंस का कदी? तुला काय कळतंय त्यातलं?"

सगळ्यांसमोर म्हटलं. मला एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. पाटी उचललीस, चुंबळ नीट केलीस आन बाजाराला गेलीस. नंतर दवाखान्यात मी रोज यायचो, मोसंबी आणायचो, नकला करायचो, त्या नर्सची, वॉर्डबॉयची, सगळ्यांची. तू हसायचीस. रोज ठरवून यायचो की आज म्हणतो, आक्का, चुकलं माझं. आन रोज नवी नक्कल करायचो. माफी मागायची असली की मला नक्कलच सुचते. ती राहिली ती राहिलीच.

म्हणून मी हट्टाला पेटलो. म्हटलं, माझी दोन्ही वेळची भरती गेली ती गेली, हिची नाय जाऊ द्यायची. चिखलातनं उठून तसाच ओटीवर गेलो. नानांना म्हटलं, "नाना, दहावं होऊ द्या. अकराव्याला मी हिला घेऊन जाणार. शेण घालायचं ते माझ्या तोंडात घाला, चिखलाची सवय हाय आता."

नाना म्हणाले, "अरे पण तुमच्या आक्काच्या जिवाला काय वाटंल?"

तेव्हा भावजींनी जाळं खाली ठेवलं. पाच दिवसांतलं पयलं वाक्य. "काका, हिच्या आईनं चार महिने होडीची कड धरून उभं राहून हिला चढवलंय. तिच्या जिवाला काय वाटंल ते मला विचारा." आन उठून तांदळाच्या डब्यात हात घातला.

सुरेखा रोज पाण्याच्या वेळेनं, ओहोटी लागली की, होडीवर यायला लागली. रडायची, चढायची. रडायची, फळीवरनं जायची. मी उतरण्याबद्दल एक अक्षर बोललो नाय. म्हटलं, आपण तोंड उघडलं की कुणाचातरी घोटा जातो.

अकराव्या दिवशी पयल्या एसटीनं निघालो. मैदानाच्या आत घरच्यांना सोडत नव्हते. भाईर कंपाउंडची भिंत होती, माझ्या डोक्याच्या वर. मी बघितलं, कोण नाय. पळत गेलो, एक पाय मारला, कोपर, पोट. एका दमात वर. या वयात, आक्का! न थांबता! आन मग वर बसून मला कळलं की चढलोय खरा, पण आता उतरायचंय. म्हटलं, ते नंतर बघू.

पोरी सुटल्या. सुरेखा चौथी की पाचवी. फळीवर पाय टाकला आन तिचा उजवा हात वर गेला, डोक्याकडं, पाटी धरायला जातो तसा. मैदानावरचे दोघं-तिघं हसले. तिला पत्ता नव्हता. नजर फळीच्या टोकाला. सरळ पार.

मग भिंत. माझी बोटं कंपाउंडच्या विटांत रुतली. मी ओरडलो, "थांबू नको!" ती कशाला थांबते? पाय, कोपर, पोट. वर. तिच्या पुढच्या दोघींनी वरनं उड्या मारल्या होत्या, एक टाच धरून तिथंच बसली होती. मी डोळे मिटणार होतो. पण सुरेखानं उडी मारली नाय. पोटावरच वळली, तोंड भिंतीकडं, पाय पलीकडं. दोन्ही हातांनी कड धरून लांबलचक लोंबकळली, आन हात सोडले. जमीन राहिली होती वीतभर. पाय टेकले तशी पळाली पण. एवढं सगळं माझ्या एका श्वासात झालं.

आन मला तू दिसलीस.

रोज. किती वर्षं. होडी चिखलात टेकली की तू भरलेली पाटी कडेवर ठेवायचीस, मी ती धरली की दोन्ही हात कडेवर टेकायचीस, होडीकडं तोंड करायचीस, पोट कडेला घासत पाय खाली सोडायचीस, आन शेवटी हळूच हात. चिखलात पण आवाज व्हायचा नाय. मी समोर उभा असायचो, पाटी घ्यायला. मी पाटीकडं बघायचो, त्यात माझ्यासाठी बोंबील हायत का ते.

तेवढ्यात खालनं आवाज आला. "ओ काका! भिंतीवर काय करताय? उतरा आधी!" हवालदार होता. तो जुना नाय, नवीन पोरगा. आवाज तोच, तो त्यांना सरकार देत असंल.

मी वळलो. तोंड भिंतीकडं केलं. पोटावर घसरलो, सदऱ्याची दोन बटणं गेली. हातांनी कड धरली, लोंबकळलो. खाली बघावंसं वाटलं, नाय बघितलं. हात सोडले. गुडघा कट्‌कन वाजला, पण मी उभा होतो. आयुष्यात पयल्यांदा भिंतीच्या खाली दोन पायांवर उभा होतो. तो हवालदार म्हणाला, "या वयात शोभतं का हे?" मी म्हटलं, "सायेब, माझ्या बहिणीनं शिकवलंय." त्यानं मला पिलेला समजून सोडून दिलं.

परत येताना एसटीत मी सुरेखाला विचारलं, "आयनं शिकवलं का असं उतरायला?"

"शिकवलं कुठं? रोज तशीच उतरायची ना ती."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"मामा, तू ऐकलं असतंस का?"

खिडकीची काच लागत नव्हती, म्हणून डोळ्यांत वारा गेला. असं मी तिला सांगितलं.

तर आक्का, भांडण मिटलं. तुझी विद्या अर्धी नव्हती, माझी नजर अर्धी होती. दवाखान्यात म्हणायचं राहिलं ते इथं म्हणतो, छापून येऊ दे, सगळं बंदर वाचू दे. चुकलं माझं. तू मैदान बघितलं नव्हतंस, कारण तुझ्या वेळेला बायांना मैदान नव्हतं. असतं तर त्या हवालदारानं तुला सलाम ठोकला असता, आन मी भाईर तुझी पाटी धरून उभा असतो.

यादी अजून लागली नाय. लागली आन नाव नसलं तर परत पुढच्या वेळी. सुरेखा म्हणते हे लिवू नको, नाव असणार हाय. बरं. असणार हाय. पण फळी मी काढलेली नाय, होडी पण हलवली नाय. कालपास्नं वाड्यातल्या अजून दोन पोरी यायला लागल्यात. नाना सकाळी येऊन लांब बसतात आन 'खुंट्याकडं बघ' म्हणून ओरडतात, जसं काय त्यांनीच शोधलंय.

होडीच्या कडेवर एक जागा हाय, दोन पंजे मावतील एवढी. लाकूड तिथं गुळगुळीत झालंय, काळं, चमकतं. इतकी वर्षं मला वाटायचं, दोर घासून झालंय. काल मी माझे हात तिथं ठेवून बघितले. दोर कदी त्या बाजूला बांधतच नव्हतो आपण.

पोरींना मी चढायचं नंतर सांगतो. आधी तिथं नेतो आन म्हणतो, इथं हात ठेवा.